रस्ते, पूल आणि एक मास्तर : गोव्यातील पंचायतींना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सर्व १९१ ग्रामपंचायतींचे सन्माननीय सरपंच व पंच,
तसेच नगरपालिकांचे सन्माननीय नगरसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या ग्रामसभेत मी आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा विषय काढला होता. पटावर सात मुले उरली आहेत, दोन शिक्षकांपैकी एकाची बदली झाली आहे, आणि येत्या जूनमध्ये शाळा शेजारच्या गावात विलीन होणार असे कानावर येते आहे, तेव्हा पंचायतीने वेळीच काही हालचाल करावी, एवढेच माझे म्हणणे होते. मला उत्तर मिळाले की शाळा हा शिक्षण खात्याचा विषय आहे, पंचायतीचा नव्हे. त्यानंतर वरच्या वाड्यावरच्या रस्त्याला पेव्हर बसवण्याचा विषय आला आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली. पेव्हर नकोत असे मी म्हणणार नाही, कारण पावसाळ्यात त्याच उतारावर माझाही पाय घसरतो. मात्र त्या रात्री मला एक फार जुने पत्र आठवले, आणि तेही तुमच्यासारख्याच लोकांना लिहिलेले होते.

ते पत्र १५२४ सालचे आहे. जर्मनीतील विटेनबर्ग येथे राहणारे ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी ते जर्मन शहरांच्या नगरसेवकांना उद्देशून लिहिले आणि छापून काढले. त्याच वर्षी वास्को द गामा व्हाइसरॉय म्हणून गोव्यात उतरला होता, एवढे सांगितले की काळाचा अंदाज येतो. लूथर यांनी पोपच्या सत्तेशी उघड भांडण मांडून सात वर्षे झाली होती. त्या भांडणाचा एक परिणाम कोणी आधी लक्षात घेतला नव्हता, तो असा की मठ ओस पडू लागले आणि मठांबरोबर मठांतल्या शाळाही बंद होऊ लागल्या. मुलगा पाद्री होणार नसेल, मुलगी जोगीण होणार नसेल, तर शाळेत घालून उपयोग काय, असे आईबाप उघड विचारू लागले. हा प्रश्न मला नवा वाटला नाही. मराठी शाळेत घालून पुढे नोकरी लागणार आहे का, हे वाक्य मी माझ्या नोकरीच्या एकतीस वर्षांत इतक्या अंगणांत ऐकले आहे की त्याची चालसुद्धा मला पाठ आहे.

लूथर यांनी आईबापांना बोल लावला, पण तिथेच ते थांबले नाहीत. काही पालकांना आस्थाच नसते, बहुतेकांना मुलांना कसे शिकवावे हे ठाऊक नसते, आणि ज्यांना आस्थाही आहे व अक्कलही आहे त्यांना घरच्या व शेतीच्या रामरगाड्यात वेळ नसतो, तेव्हा हे काम गावाची तिजोरी ज्यांच्या हाती आहे त्यांचेच आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा हिशेब तर आजच्या कोणत्याही ग्रामसभेत वाचून दाखवावा असा आहे. शहराच्या सुरक्षिततेसाठी बंदुका, रस्ते, पूल आणि बंधारे यांवर तुम्ही दरवर्षी एवढा पैसा घालता, मग गरीब मुलांसाठी एखाद-दोन चांगले मास्तर नेमण्यापुरता पैसा का घालू नये, असे त्यांनी विचारले होते. शहराची श्रीमंती तटबंदीत आणि टोलेजंग घरांत नसून शिकलेल्या, कर्तबगार नागरिकांत असते, असेही त्यांनी त्याच पत्रात मांडले. मुलग्यांनी दिवसाकाठी एक-दोन तास आणि मुलींनी एक तास तरी शाळेत यावे, बाकीचा वेळ घरचे काम करावे, धंदा शिकावा, अशी त्यांची व्यवहारी सूचना होती. पत्राच्या शेवटी गावोगावी चांगली ग्रंथालये हवीत हेही लिहायला ते विसरले नाहीत.

येथे एक खुलासा करतो. मी ख्रिस्ती नाही, आणि लूथर यांच्या सगळ्या मतांचा कैवार घेण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. त्यांच्या लेखणीतून ज्यू लोकांविषयी आणि बंड करणाऱ्या शेतकऱ्यांविषयी जे उतरले ते वाचवत नाही. शिवाय आपल्या गोव्यातले ख्रिस्ती बांधव कॅथलिक आहेत, लूथरन, म्हणजे लूथर यांच्या पंथाच्या, शाळा हा प्रकार आपल्याकडे पाहायला मिळत नाही. तरीही एक शाळा उभी कशी राहते, वाढते कशी आणि कोणत्या कारणाने कोसळते, हे समजून घ्यायला पाचशे वर्षांचा इतका सलग दाखला दुसरीकडे मला सापडला नाही.

पत्र लिहून लूथर स्वस्थ बसले असते तर त्याची आठवण कोणी ठेवली नसती. त्यांचे सहकारी फिलिप मेलांक्थॉन यांनी १५२८ साली सॅक्सनीतल्या चर्चच्या आणि शाळांच्या तपासणीसाठी नियमावली तयार केली व मुलांचे तीन गट पाडून कोणाला काय शिकवावे हे ठरवून दिले. तपासणीसाठी खेड्यांतून हिंडताना लूथर यांना लोकांचे अज्ञान पाहून धक्का बसला, आणि १५२९ साली त्यांनी घरच्या घरी पाठ करता येईल अशी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. दुसरे सहकारी योहानेस बुगेनहागेन यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते अगदी कारकुनी स्वरूपाचे होते. ते एकेका शहरात जाऊन राहत आणि तिथल्या नगरपरिषदेबरोबर बसून नियम लिहून काढत. १५२८ साली ब्राउनश्वाइग शहरासाठी त्यांनी जे नियम केले त्यांत मुलग्यांच्या शाळांबरोबर मुलींच्या शाळांचीही तरतूद होती. १५२९ साली त्यांनी हॅम्बुर्ग येथे सेंट जॉनच्या रिकाम्या झालेल्या मठात शाळा काढली. योहानेउम नावाची ती शाळा आजही चालू आहे, आता ती सरकारी आहे. मठांचे आणि चर्चच्या इनामांचे उत्पन्न एका सामाईक पेटीत जमा करून त्यातून गोरगरिबांना मदत, पाळकांचा निर्वाह आणि मास्तरांचा पगार भागवायचा, अशी ही व्यवस्था होती. लाइसनिग नावाच्या एका लहानशा गावाने तर अशी पेटी १५२३ सालीच ठेवली होती.

आपल्या जुन्या माणसांना ही सामाईक पेटीची कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. गावकरी संस्थांच्या, म्हणजे कोमुनिदादींच्या, उत्पन्नातून खाजन शेतीचे, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतीचे, बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारे, राखली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी पणजीच्या हिंदू घरांतून रोज मूठभर तांदूळ बाजूला काढून त्यावर मराठी शाळा चालवण्यात आली आणि त्यातून मुष्टिफंड हे नाव रूढ झाले. पोर्तुगीज सरकारकडून मराठी शिक्षणाला फारसा आधार नसताना देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, ओसरीवर पंतोजी येऊन बसे, जुनी माणसे त्याला शेणैमाम म्हणत, आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोय वाडा करी. ती शाळा वाड्याची होती, म्हणून ती बंद पडली की वाड्याला लाज वाटे. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. माझ्यासारख्या हजारो मुलांच्या हातात पाटी आली ती त्यांच्यामुळे, आणि हे ऋण मी विसरू शकत नाही. पण शाळा सरकारची झाली तशी ती वाड्याची राहिली नाही, असे मला अलीकडे वारंवार वाटते.

आता या गोष्टीतला तो भाग सांगतो, जो मराठी माणसाने विशेष लक्ष देऊन वाचावा.

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाऊ हे दोन तरुण जर्मन लूथरन पाळक तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे उतरले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्यांना पाठवले होते. तरंगमबाडी म्हणजे डॅनिश व्यापाऱ्यांचे लहानसे ठाणे, आणि त्याच्या भोवतालचा सारा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा होता. म्हणजे भारतातल्या पहिल्या लूथरन शाळेच्या कुंपणापलीकडे मराठ्यांचे राज्य सुरू होत होते. झिगेनबाल्ग यांची शिकवणूक हाले शहरातली होती. तिथे ऑगुस्ट हेरमान फ्रांके यांनी १६९५ साली गरीब मुलांसाठी शाळा सुरू केली होती, आणि काही वर्षांतच तिच्याभोवती अनाथालय, छापखाना आणि औषधशाळा यांचा मोठा पसारा उभा राहिला होता.

झिगेनबाल्ग यांना तमिळ येत नव्हते. त्यांनी सत्तरीच्या घरातल्या एका तमिळ पंतोजीला आपली शाळा त्यांच्या घरी भरवायला राजी केले आणि स्वतः मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले. मुले वाळूत बोटाने अक्षर काढत, शेजारी हा चोवीस वर्षांचा पाळक तेच अक्षर काढी. हे वाचले तेव्हा मला माझ्या आजोबांची धूळपाटी आठवली. लाकडी फळीवर बारीक माती पसरून ते मला ‘श्री’ गिरवायला लावत आणि चुकले की फळी हलवून पुन्हा कोरी करत. अक्षर पुसले जाई, पण बोटाला वळण लागे.

या वाळूतल्या अक्षराच्या २२ वर्षे आधी, १६८४ साली, आपल्याकडे पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले होते की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. त्याआधी याच गोव्यात १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला होता, आणि १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण राचोलला छापले गेले होते. म्हणजे लोकभाषेचे मोल जाणणारे इथेही होते, त्यांच्यामागून आलेल्या सत्तेला मात्र ते उरले नाही. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर दोन परक्या सत्तांच्या सावलीत भाषेकडे पाहण्याच्या या दोन रीती होत्या, आणि दोन्ही ठिकाणी हेतू धर्मप्रसाराचाच होता.

तरंगमबाडीची शाळा झपाट्याने वाढली. १७०७ साली मुलींची शाळा निघाली. डॅनिश कमांडंटशी खटका उडाल्यामुळे झिगेनबाल्ग यांना काही महिने कैदेत काढावे लागले, तरी शाळा टिकली. पुढे छापखाना आला, हाले येथे ओतलेले तमिळ अक्षरांचे खिळे आले, बायबलमधल्या नव्या कराराचे तमिळ भाषांतर छापून झाले, कागदाची गिरणी निघाली, आणि १७१६ साली शिक्षक तयार करण्यासाठी वेगळी शाळा उघडली. या क्रमाकडे मी माझ्या सहकाऱ्यांचे लक्ष नेहमी वेधत असे. आधी मुले, मग मुली, मग पुस्तक, मग कागद, मग मास्तर घडवणारी शाळा. यांतले एकही अंग कापले असते तर बाकीची फार दिवस जगली नसती. झिगेनबाल्ग यांनी तमिळ देवदेवतांवर बारकाईने लिहिलेला ग्रंथ मात्र फ्रांके यांनी छापू दिला नाही. आपली माणसे मूर्तिपूजा मोडायला पाठवली आहेत, तिची माहिती युरोपात पसरवायला नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि तो ग्रंथ १८६७ पर्यंत छापखान्याबाहेर राहिला. जातीच्या बाबतीतही या मंडळींचा कारभार फार अभिमानाने सांगावा असा नव्हता. शाळेत आणि चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळे बसण्याची रीत दीर्घकाळ चालू राहिली आणि काही मिशनांनी ती चालवून घेतली.

याच परंपरेतले क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० साली तरंगमबाडीला आले आणि पुढे तंजावरला स्थायिक झाले. तुळजाजी राजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी आपला दहा वर्षांचा दत्तक मुलगा सरफोजी यांच्या संगोपनाची जबाबदारी या लूथरन पाळकावर सोपवली. राजवाड्यातल्या वारसाच्या भांडणात मुलाची कोंडी झाली तेव्हा श्वार्ट्झ यांच्याच खटपटीने त्याला मद्रासला हलवण्यात आले, आणि तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या लूथरन पाळकाने त्याला शिकवले. सरफोजी १७९८ साली गादीवर बसले. ते शेवटपर्यंत शिवभक्त राहिले, धर्म बदलला नाही. शिकलेल्याचे त्यांनी काय केले हे तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि त्यातून १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाले. मुंबई-पुण्यात मराठी छपाईने बाळसे धरण्याआधीचे हे बालवाङ्मय आहे, आणि त्याच्यामागे लूथरन मास्तरांच्या हाताखाली शिकलेला एक मराठी राजा आहे.

निवृत्तीनंतर मी तंजावरला गेलो होतो. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांच्या इतिहासाचा मराठी शिलालेख हात मागे बांधून वाचत वाचत मी किती पावले चाललो ते मोजले नाही. नंतर श्वार्ट्झ यांच्या नावाच्या चर्चमध्ये गेलो. तिथे सरफोजींनी इंग्लंडातले शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प आहे. म्हातारा मास्तर खाटेवर पडला आहे, राजा त्याचा हात धरून उभा आहे, आणि खाटेशी शाळेतली मुले आहेत. राजाने मास्तराच्या कबरीसाठी इंग्रजीत ओळीही रचल्या होत्या. मला त्या शिल्पात राजापेक्षा ती पायथ्याची मुलेच अधिक वेळ पाहावीशी वाटली. शिल्प करवणाऱ्याला ती तिथे असायला हवी हे सुचले, याचे मला अप्रूप वाटते.

अमेरिकेतली कहाणी थोडक्यात सांगतो. सॅक्सनीतून मिसुरी राज्यात गेलेल्या लूथरन कुटुंबांनी १८३९ साली, स्वतःची घरे नीट उभी राहण्याआधी, ओंडक्यांच्या एका खोलीत शाळा भरवली. पुढे जिथे जिथे मंडळी वसली तिथे शाळा निघाली, आणि वेगळा मास्तर परवडत नसेल तिथे पाळकानेच शिकवायचे असा शिरस्ता पडला. पहिल्या महायुद्धात या जर्मन शाळांवर गदा आली. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९१७ साली सरकारने ४९ लूथरन शाळा एका फटक्यात बंद केल्या. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा केला की आठवी पास होण्याआधी कोणत्याही मुलाला परकी भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टन गावातल्या लूथरन शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक मे १९२० मध्ये एका दहा वर्षांच्या मुलाला बायबलच्या गोष्टी जर्मनमधून वाचायला शिकवत असताना सरकारी वकील दारात येऊन उभा राहिला. मायर यांनी पुस्तक मिटले नाही. त्यांना २५ डॉलर दंड झाला. त्यांनी तो निमूट भरला नाही, आणि १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला. शाळेच्या माध्यमावरून गोव्यात आपण १९९० पासून आजवर जेवढे मोर्चे काढले आणि जेवढी निवेदने दिली, त्यांत मायर यांची आठवण कोणी काढल्याचे मला स्मरत नाही.

आता पुन्हा आमच्या ग्रामसभेकडे येतो. शाळा पंचायतीचा विषय नाही हे उत्तर मला देण्यात आले, पण राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील अशा विषयांची जी यादी आहे, तिच्यात रस्ते, मोऱ्या आणि पूल १३व्या क्रमांकावर आहेत, प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण १७व्या आणि ग्रंथालये २०व्या. म्हणजे लूथर यांनी जे रस्ते, पूल, शाळा आणि ग्रंथालये एका पत्रात आणली होती, ती १९९२च्या घटनादुरुस्तीने एका पानावर आणली आहेत. शिक्षकांची नेमणूक, पगार आणि विलीनीकरणाचा निर्णय शासनाचा आहे हे मला मान्य आहे. पण गावातली किती मुले पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहेत, त्यांचे आईबाप काय म्हणतात, बालरथ, म्हणजे शाळेची बस, कोणत्या वळणावर थांबत नाही म्हणून कोणी मूल दुसरीकडे घातले, हे पणजीतल्या कचेरीला कळणार नाही, ते पंचालाच ठाऊक असते. आमच्याच गावात वरच्या वाड्यावरची चार मुले रोज इंग्रजी शाळेच्या बसने जातात. त्यातल्या एका आईने मला सांगितले की मराठी शाळेच्या शौचालयाला दार नव्हते म्हणून मुलीला तिथे घातले नाही. माध्यमाचा वाद तिच्या गावीही नव्हता. एका दाराचा खर्च पंचायतीला पेलवला नसता असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. आपापल्या हद्दीतल्या प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेसाठी पंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष ठेवावे, रक्कम कितीही लहान असो. फेब्रुवारीतच पंचांनी आपल्या प्रभागातल्या पाच वर्षांच्या मुलांची यादी करून मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी. ज्या शाळेचे नाव विलीनीकरणाच्या यादीत येईल तिच्याबाबत ग्रामसभेचा ठराव झाल्याखेरीज पंचायतीने गप्प राहू नये, आणि ठराव शाळा बंद करण्याच्या बाजूचा असला तरी तो लोकांसमोर व्हावा. कोकणी माध्यमाच्या शाळांनाही हे सारे लागू आहे, त्यात मी भेद करत नाही.

आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेसाठी मी हा विषय लेखी दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. सचिवांना एकच विनंती केली आहे की विषयपत्रिकेत तो पेव्हरच्या आधी घ्यावा, कारण पेव्हरचा विषय संपला की निम्मी माणसे उठून जातात.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
फोंडा तालुका, गोवा